पाणी पिण्यापुरतेच तपासू नका

सार्वजनिक इमारतीतले पाणी चांगले आहे का, असे विचारले की आपण पिण्याच्या नळाकडे बघतो. श्वासावाटे फुप्फुसात जाणाऱ्या पाण्याचीही तेवढीच चौकशी व्हावी, असे माझे ठाम मत आहे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात 'अमेरिकन लिजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले आणि न्यूमोनियाच्या साथीत ३४ जण दगावले. या साथीमागचा लिजोनेला हा जंतू संशोधक डॉ. जोसेफ मॅकडेड यांच्या हाती लागेपर्यंत १९७७ उजाडले. तेव्हा माहिती नव्हती, ही सबब खरी होती. २००२ मध्ये ती उरली नव्हती. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस इथल्या नगर परिषदेच्या कलाकेंद्रात वातानुकूलन यंत्रणेतल्या पाण्यावर प्रक्रिया करण्याचे कंत्राट थांबवले गेले होते. दूषित पाण्याचे सूक्ष्म तुषार बाहेरच्या गल्लीत पसरले, सुमारे १८० जण आजारी पडले आणि सात मरण पावले. इमारतीत पाऊलही न टाकता, नुसते गल्लीतून जाणाऱ्यांना तो रोग जडला. परिषदेला पुढे सव्वा लाख पौंड दंड झाला. देखभालीत वाचवलेले पैसे असे कुणाच्या तरी जिवावर वाचतात.

'आमच्या पाण्यात क्लोरीन असते' हे उत्तर मला नेहमी अपुरे वाटते. पाणी टाकीत आणि नळांत साचून राहिले की क्लोरीन ओसरते. शिवाय नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात आणि अमीबाच्या पोटात हा जंतू सुरक्षित राहतो. २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. विदर्भातल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी, किंवा ढगाळ दिवशी सोलर हीटरमधले कोमट पाणी, नेमके याच टप्प्यात असते. 'आपल्याकडे हा आजार ऐकिवात नाही' असेही म्हटले जाते. पण न्यूमोनिया झाल्यावर लघवीची लिजोनेलासाठीची वेगळी तपासणी सांगितलीच नाही, तर तो नोंदीत येणार कसा? हा जंतू पेशींच्या आत वाढतो, म्हणून पेनिसिलिन गटाची औषधे त्यावर चालत नाहीत. निदान चुकले की उपचारही चुकतात.

म्हणून साठ्यातले गरम पाणी ६० अंशांवर ठेवावे, नळाशी ते किमान ५० अंशांनी पोचावे. भाजण्याची भीती रास्त आहे. त्यासाठी नळाजवळ मिश्रण-झडप बसवावी, साठ्याचे तापमान उतरवू नये. थंड पाणी २० अंशांखाली ठेवणे आपल्या हवेत बहुतेक जमणार नाही. मग टाकीची सफाई, क्लोरीनची मोजणी आणि वाहते पाणी यांवरच भिस्त ठेवावी लागेल. वापरात नसलेले शॉवर दर आठवड्याला सोडावेत, बंद पडलेले पाइपाचे तुकडे कापून काढावेत, वातानुकूलन यंत्रणेच्या कूलिंग टॉवरच्या देखभालीत एकही खंड पडू देऊ नये. वसतिगृहे, रुग्णालये, नाट्यगृहे सांभाळणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दीर्घ सुट्टीनंतर दारे उघडण्याआधी सगळे नळ वाहू द्या, तुषार न उडवता, आणि त्या दिवसाचे पाण्याचे तापमान नोंदवहीत लिहा.