ग्रंथपालाचे सूचीपत्र आणि आंतरजालावरील शोध

आंतरजाल आले, आता ग्रंथपालाचे काम संपले, असा समज अलीकडे पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यास फार दूर जावयास नको. हिमायतनगरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावाची जुनी माहिती मोबाइलवर शोधली तर काय घडते, एवढेच पाहावे.

तो ‘हिमायतनगर’ असे लिहितो. उत्तरे क्षणात पुढे येतात. परंतु हैदराबाद शहरात याच नावाची वस्ती असल्यामुळे तिचीही माहिती त्यांत मिसळते. गावाचे जुने नाव वाढोणा. ते त्यास ठाऊक असले तरी अडचण सरत नाही, कारण वाढोणा नावाची गावे विदर्भातही आहेत. शिवाय हिमायतनगर हा स्वतंत्र तालुका होण्यापूर्वी हे गाव हदगाव तालुक्यात मोडत असे. आणि १९५१ च्या जनगणनेच्या वेळी नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे माहिती असते, पण ती दुसऱ्याच नावाखाली असते. विद्यार्थी रिक्त हस्ते परततो, आणि आपल्या गावास सांगण्याजोगा इतिहासच नाही अशी त्याची समजूत होऊन बसते. हे नुकसान लहान नव्हे.

ग्रंथपालांनी या अडचणीवर फार पूर्वी उपाय योजला होता. सूचीपत्रांच्या पेटीत ते एक जादा पत्र ठेवीत: ‘मोमिनाबाद – पाहा अंबाजोगाई’. पत्र एवढेच, परंतु वाचकास ठाऊक असलेल्या नावापासून ग्रंथात छापलेल्या नावापर्यंत ते त्यास नेऊन पोहोचवी. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याचे आहे. यंत्रही वेळ वाचविते खरे, पण बहुधा काय विचारावे हे ज्यास कळते त्याचाच.

जुन्या मराठी ग्रंथांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ‘शाळेंत’, ‘गांव’ असे सानुस्वार लेखन रूढ होते. आजच्या लेखनाने शोधल्यास असा मजकूर पुष्कळदा हाती लागत नाही. आणि ग्रंथाच्या पानांची केवळ छायाचित्रेच चढविलेली असतील, तर आतील एकही शब्द शोधात सापडत नाही. तेथे अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचावे लागते. मराठी विश्वकोश आंतरजालावर सर्वांस खुला आहे, ही मोठीच सोय झाली. मात्र त्यातील अनेक नोंदी काही दशकांपूर्वीच्या असल्याने तालुके व लोकसंख्या यांचे आकडे त्या काळचे समजावेत. प्रश्नाचे सलग उत्तर लिहून देणारी नवी साधने तर दोन्ही हिमायतनगरांची माहिती एकत्र करून देण्याचा संभव आहे, आणि भाषा सफाईदार असल्यामुळे ती चूक विद्यार्थ्याच्या ध्यानी येत नाही.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावयास हवे. ते एका कपाटाचे असले तरी चालेल. सूचीपत्रांस जागा थोडीच लागते. इयत्ता पाचवीच्या पुढील विद्यार्थ्यांकडून पुठ्ठ्याचे तुकडे कापून घ्यावेत. प्रत्येकाने घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून गाव, शिवार, ओढा, देवस्थान यांची जुनी व नवी नावे एकेका पत्रावर लिहावीत. खाली जिल्हा, पूर्वीचा तालुका आणि सांगणाऱ्याचे नाते नोंदवावे. मोबाइलवर शोध घ्यावयाचा तो ही पत्रे हाती घेऊन, प्रत्येक नाव जिल्ह्याच्या नावासह निरनिराळे लिहून. जे सापडेल ते कोठे सापडले, हे त्याच पत्राच्या पाठीवर तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गास तेथून पुढे शोधता येईल.