धंदापालट आणि आत्मविश्वास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं गांवें एके काळीं भाताच्या खाचरांचीं व भाजीपाल्याच्या वाड्यांचीं होतीं. मुंबई महानगरपालिकेची हद्द प्रथम १९५० व पुढें १९५७ सालीं वाढली, तीं शहरांत सामावलीं, आणि ज्या कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या नांगर धरला त्यांतील मुलांस गिरणी, कचेरी, दुकान किंवा मोटार यांचा आश्रय घ्यावा लागला. अशा घरांत, आणि ज्यांची जमीन अद्याप शाबूत आहे त्यांच्याही घरांत, एक प्रसंग वारंवार येतो. मुलाची नोकरी सुटते किंवा धंदा बसतो. तो घरीं परततो आणि चार माणसांत बसावयास लाजतो. "दुसरें कांहीं करून पाहा" असें सर्वच सांगतात. परंतु त्यासाठीं लागणारा आत्मविश्वास आणावा कोठून, हें कोणी सांगत नाहीं. तो मनाशीं घोकून येत नाहीं, असें आमचें मत आहे. तो कसा येतो हें दाखविणारें एक चरित्र शेतकऱ्यांच्या अगदीं जवळचें आहे. कारण त्याची वाट लोखंडी नांगरापाशीं येऊन पोंचते.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. शाळेच्या अभ्यासांत त्यांचें मन रमत नसे. चित्रें आणि यंत्रें यांची मात्र विलक्षण ओढ. वडील बंधु रामूअण्णा यांच्या साहाय्यानें १८८५ सालीं ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथें सुमारें दोन वर्षें काढल्यावर उघडकीस आलें कीं, त्यांस कांहीं रंगांतील भेद ओळखतां येत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात तो कोणता? हा दोष डोळ्यांचा होता. कितीही मेहनत केली तरी जाणारा नव्हता. परंतु रेघ मारणारा हात शाबूत होता. त्यांनीं रंगांची पेटी सोडली आणि यंत्रांचीं मापशुद्ध चित्रें काढण्याची विद्या धरली, जींत रंगाचें काम नाहीं. त्याच विद्येवर भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें (ही संस्था पुढें माटुंग्यास गेली) त्यांस शिक्षकाची जागा मिळाली. शिकवितां शिकवितां कारखान्यांतील यंत्रांवर त्यांनीं स्वतःचा हातही बसवून घेतला.

कांहीं वर्षांनीं बढतीची वेळ आली, तेव्हां त्यांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. १८९७ च्या सुमारास लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला. हा प्रसंग सांगतांना त्यांच्या बाणेदारपणाची स्तुति करण्याची चाल आहे, व ती योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबणारा तरुण फसण्याचा संभव फार. कारण १८८८ पासूनच बेळगांवीं रामूअण्णांचें सायकलींचें दुकान सुरू होतें व लक्ष्मणराव मुंबईहून त्यास हातभार लावीत होते. नोकरी सोडली तेव्हां पाय टेकण्यापुरती जमीन आधींच तयार होती.

बेळगांवीं सायकलींच्या विक्रीबरोबर दुरुस्ती आली, दुरुस्तीमागून लहान यंत्रें आलीं. त्यांतलें एक कडबा कापण्याचें. अख्खा कडबा टाकला असतां गुरें पाला खातात व बुडखे तुडवितात. कुट्टी केली असतां ती नासाडी कमी होते, हें शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नसे. नांगराचें तसें नव्हतें. लोखंडानें जमिनींत विष भिनतें अशी समजूत त्या काळीं पसरलेली होती, आणि पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षें लागलीं. या समजुतीस आज हंसणें सोपें आहे. परंतु विषाची गोष्ट बाजूस ठेविली तरी शेतकऱ्याच्या संशयास आधार होता. लाकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. ओतीव लोखंडाचा भाग तडकला तर ऐन नांगरटींत तो आणावा कोठून? शिवाय जड नांगरास बैल अधिक लागत. लोखंडी नांगराच्या फाळामागील वांकविलेला पत्रा मातीचा थर पालथा घालतो आणि हरळीच्या मुळ्या उन्हांत पाडतो. लाकडी नांगर माती फोडतो, पण उलथत नाहीं. हा लाभ खरा असला तरी शेतांत पाहिल्यावांचून पटणारा नव्हता. फाळाचेंही दुखणें होतेंच: मऊ राहिला तर झिजतो, फाजील कठीण झाला तर दगडास लागून तुटतो. तें प्रमाण साधावें, आणि नवा भाग जुन्याच्या जागीं तंतोतंत बसावा, हें ज्यास साधेल त्याचाच नांगर खपणार. आमच्या मतें येथें कलाशाळेंतून बाहेर पडलेल्या त्या विद्यार्थ्याची मापाची विद्या खऱ्या कामास आली.

जम बसत आला तोंच बेळगांवच्या नगरपालिकेनें नव्या वस्तीसाठीं त्यांस जागा सोडावयास लावली. वय चाळीस, यंत्रें उघड्यावर पडण्याची पाळी. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनजवळील ३२ एकर माळ व १०,००० रुपये कर्ज देऊं केलें. मार्च १९१० मध्यें मंडळी तेथें उतरलीं तेव्हां स्वागतास निवडुंग आणि साप होते. तीच पुढें किर्लोस्करवाडी झाली. रेल्वेस्टेशनलाही तेंच नांव पडलें. १९१४ च्या महायुद्धांत परदेशचें लोखंड व कोळसा मिळेनासा झाला, तीही अडचण त्यांनीं निभावली. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं वारले.

आतां आमच्या उपनगरांतील त्या परत आलेल्या मुलाकडे वळूं. त्यास धीराच्या गोष्टी सांगण्यापूर्वीं वडिलांनीं त्याच्याजवळ बसून एका कागदावर लिहून काढावें कीं, गेल्या नोकरींत त्याचा हात कशावर बसला. पगार किंवा हुद्दा लिहूं नये. हिशेब, मोटारदुरुस्ती, गिऱ्हाइकाशीं बोलणें, रोपें जगविणें, जें असेल तें लिहावें. लक्ष्मणरावांच्या कागदावर प्रथम केवळ "रेघ" एवढेंच आलें असतें. मग त्या कामास पैसे देणारा एक मनुष्य शोधावा, व घरांत दुसरें उत्पन्न चालू आहे तोंच लहान प्रमाणावर आरंभ करावा. रामूअण्णांचें काम येथें वडीलधाऱ्यांचें आहे. शेत विकून भांडवल देण्याची घाई करूं नये. पण दोन वर्षें माल खपला नाहीं म्हणून पंगतींत टोमणेही मारूं नयेत. आणि पहिला माल गिऱ्हाइकानें परत पाठविला तर तो मुलगा खोलींत जाऊन बसण्यापूर्वीं त्याच्यासह ती वस्तु हातांत घेऊन पाहावी, नेमकें काय तुटलें तें.