मधुमेहाची बीजे व मातेचा आहार

अफझलगंज (हैदराबाद) येथील उस्मानिया रुग्णालयात मधुमेहाचे व हृदयविकाराचे रुग्ण येतात, ते बहुधा प्रौढ वयात. या विकारांची बीजे मात्र गर्भावस्थेतच रुजू शकतात. याच शहरातील राष्ट्रीय पोषण संस्थेने १९८७ ते १९९० या काळात जवळच्या २९ खेड्यांत प्रयोग केला. पैकी १५ खेड्यांत गरोदर स्त्रियांना व सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना मका-सोयाबीनचा उपमा मिळे. उरलेल्या खेड्यांत ही योजना तेव्हा पोहोचली नव्हती. २००३ ते २००५ मध्ये त्या काळातील १,१६५ मुलामुलींची तपासणी झाली. आहार मिळालेल्या खेड्यांतील मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच भरली. ही वाढ किरकोळच म्हणावी. परंतु शरीराने इन्सुलिनला दाद न देणे, ही जी मधुमेहाची पहिली पायरी, तिचे प्रमाण त्यांच्यात सुमारे २० टक्के कमी होते. रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही कमी आढळला. रक्तदाबात मात्र विशेष फरक दिसला नाही.