मागणे आणि देणे
संत जनाबाई व संत नामदेव यांच्या चरित्रांतून एक चिंतन

देवदर्शनास येणारा प्रत्येक जण काही ना काही मागणे मनात घेऊन येतो. पाऊस वेळेवर पडावा, मुलीचे लग्न जुळावे, घरातील दुखणे हटावे. नवस फळला की तो नारळ-पेढे घेऊन परत येतो, यथाशक्ती देणगी देतो आणि त्याचा आनंद सर्वांस दिसतो. ज्याचा नवस फळला नाही तो मात्र बहुधा गप्प राहतो. आपल्याच भक्तीत काही उणे असावे, ही बोच त्यास लागते आणि हळूहळू त्याचे येणेच खुंटते. हे चिंतन मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान होय. वडिलांचे नाव दमा, आईचे करुंड. लहानपणीच ही मुलगी पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली. दामाशेटी म्हणजे संत नामदेवांचे वडील. त्या घरी दळण, कांडण, पाणी भरणे, शेणी वेचणे, झाडलोट ही कामे जनाबाईंनी आयुष्यभर केली. आई गेली, वडील गेले, आता विठ्ठलाशिवाय कोणी नाही, अशी व्यथा त्यांच्या अभंगांत आहे.

आता येथे क्षणभर थांबून विचार करावा. अशा पोरक्या मुलीने देवापाशी काय मागावे, असे आपणांस वाटते? दास्यातून सुटका, स्वतःचे घर, मायेचे माणूस. यांपैकी काहीही जनाबाईंस मिळाल्याचे कोणी सांगत नाही. शेवटपर्यंत त्या नामदेवांच्या घरची दासीच राहिल्या आणि आपल्या अभंगांत स्वतःस तसेच म्हणवून घेत राहिल्या. जाते थांबले नाही, दळण सरले नाही. पण विठ्ठल त्या जात्यापाशी येऊन बसला, खुंट्याला त्याचाही हात लागला, त्याने पाणी भरले, शेणी वेचल्या, जनीचे केस विंचरले, असे त्यांचे अभंग सांगतात. कष्ट हलके व्हावेत एवढेच कोणी मागितले असते. येथे कष्टांतच सोबती मिळाला. साडेतीनशेच्या आसपास अभंग आज जनाबाईंच्या नावावर आहेत, आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या बायकांनी पहाटेच्या जात्यावर जनीची आठवण काढली आहे.

मात्र जनाबाईंनी हे सारे मुकाट्याने सोसले, असा समज कोणी करून घेऊ नये. देव भेटला नाही तेव्हा त्यांनी त्यास खडसावले आहे, एकेरीवर आणले आहे, चक्क शिव्याशापही दिले आहेत. वारकरी परंपरेने ते अभंग गाथेतून वगळले नाहीत. आजही ते आवडीने गायिले जातात. नामदेवांच्या मातोश्री गोणाई यांच्या नावावरील अभंगांतही, माझा मुलगा मला परत दे, म्हणून आईचे विठ्ठलाशी कडाक्याचे भांडण आहे. तेव्हा मागणे पुरे झाले नाही म्हणून देवावर रुसणारा भाविक अधर्म करीत नाही. रुसवा आपल्या माणसावरच असतो.

खुद्द नामदेवांची कथा वारकऱ्यांच्या परिचयाची आहे. तेर येथील संत गोरोबा कुंभारांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी पारखण्याचे थापटणे एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेवांस मात्र राग आला आणि हे मडके कच्चे आहे, असा निर्णय झाला. अपमानित नामदेव धावत पंढरीस आले. देवाने आपली बाजू घ्यावी, एवढेच त्यांचे गाऱ्हाणे होते. सखा म्हणून जेवावयास येणाऱ्या देवाने ती घेतली नाही. गोरोबांचे म्हणणे खरे आहे, असे सांगून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. विसोबा देवळात पिंडीवर पाय ठेवून निजलेले आढळले. ही भेट औंढा नागनाथ येथे झाली, असे आपल्या भागात मानतात. बार्शीचेही नाव घेतले जाते. ‘देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव,’ असे विसोबा म्हणाले आणि नामदेव जेथे जेथे पाय ठेवावयास गेले तेथे तेथे पिंड प्रकटली, अशी कथा आहे.

एका शब्दाचा दिलासा मागणाऱ्या नामदेवांस गुरू मिळाला. पंढरीची मूर्ती सोडून जे राहू शकत नव्हते, ते पुढे पायी पंजाबपर्यंत गेले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्थान आहे, त्यांची 61 पदे श्रीगुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत आणि 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही त्याच घुमानला भरले. त्या दिवशी देवाने नामदेवांची समजूत घातली असती तर!

एक खुलासा येथे करणे अगत्याचे वाटते. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे किंवा ज्याचे उभे पीक वाळून गेले आहे, त्यास ‘देव करतो ते बऱ्यासाठीच’ असे दुसऱ्याने ऐकविणे बरे नव्हे. देवाचे अधिक मोठे देणे ज्याचे त्यासच आणि बहुधा पुष्कळ काळाने उमगते. शेजाऱ्याने तोवर जात्यापाशी येऊन बसावे, एवढे त्याच्या हाती असते. तसेच देणगी ही नवसाची किंमत नव्हे. नवस न फळताही देणारे भाविक आहेत आणि ज्यांस देणे शक्य नाही त्यांचेही दर्शन तितकेच पूर्ण आहे.

गंगाखेड हे परभणी–परळी लोहमार्गावरील स्थानक असून जनाबाईंचे मंदिर गोदावरीच्या काठी आहे. शेगावहून पंढरपुरास जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड या मार्गानेच पुढे परळीस जाते. म्हणजे वरील दोन्ही कथांची स्थाने एकाच वाटेवर येतात. पुढे पंढरपुरास गेल्यावर महाद्वारातील नामदेव पायरीचे दर्शन घ्यावे आणि सवड काढून जवळच्या गोपाळपुरासही जावे. तेथे जनाबाईंचे म्हणून एक जाते दाखविले जाते.