स्वतःचं स्तोत्र लिहिताना

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता, स्तोत्र १३ आणि ६९



परवा एकीचा मेसेज आला. “ताई, स्तोत्र वाचून मी लिहायला बसते, पण दोन ओळी स्तुतीच्या झाल्या की पुढं सुचतच नाही. यमकही जुळत नाही.” असं बऱ्याच जणांचं होतं, म्हणून आज त्यावरच लिहिते.

आधी यमकाचं. इब्री कवितेत यमकाला महत्त्व नाही. तिथं विचाराची जोडी असते : पहिल्या ओळीत एक गोष्ट म्हणायची, दुसरीत तीच जरा वेगळ्या शब्दांत, किंवा आणखी जोर लावून. म्हणजे यमक सोडलं तरी चालतं.

आता स्तुतीचं. स्तोत्र १३ उघडा. जेमतेम सहा वचनं. पण त्यातल्या पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला ‘कुठवर’ असं चार वेळा विचारतो. मग मागणं, आणि शेवटी भरवसा. मधे परिस्थिती बदलल्याचा एक शब्दही नाही. आपण मात्र थेट शेवटच्या वचनापासून सुरुवात करतो, कारण देवापुढं तक्रार करणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. मला वाटतं, पेन तिथंच अडतं. जे मनात नाही ते दोन ओळींपेक्षा जास्त लिहिता येत नाही.

शब्दही आपलेच हवेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. विलायती चालींवर भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग आणि भजनं दिली. आजही ‘उपासना संगीत’ उघडलं की त्यांचं नाव भेटतं. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, तेही ओवीत. तेव्हा आपल्या प्रार्थनेत यरुशलेमचे डोंगरच असायला हवेत असं काही नाही. आपल्या गल्लीतलं, घरातलं येऊ द्या.

स्तोत्र ६९ ची सुरुवात बघा : पाणी गळ्याशी आलंय. कोल्हापूरकराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २०१९ चा ऑगस्ट आठवला तरी पुरे. आमच्या शिवाजी पेठेत पावसाळ्यात सकाळी पहिला प्रश्न एकच, राजाराम बंधाऱ्याला किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. गेल्या वर्षी बाबांची किडनी बिघडली आणि घरात दुसरा एक आकडा बघायची सवय लागली. त्या दिवसांत वहीत हे उतरलं :

परमेश्वरा, पावसात आम्ही बंधाऱ्याचे फूट मोजतो,
आता बाबांच्या रिपोर्टवरचा आकडा मोजतो.
एकोणचाळीसला इशारा असतो, त्रेचाळीसला धोका,
तुझ्या गप्प बसण्याला कुठली खूण लावू?
आई देवळातून येते ती काही बोलत नाही,
मी तुझ्याशी बोलते आणि तूही बोलत नाहीस.
तू ऐकतोस म्हणून तर विचारते,
भिंतीला कुणी विचारत नाही.

इथंच थांबले. भरवशाची ओळ सुचली होती, पण ती माझी नव्हती, पाठ केलेली होती. चार दिवसांनी खाली एवढंच लिहिलं :

बाबा आज अर्धी भाकरी खाऊन म्हणाले, रंकाळ्यावर जाऊया.
एवढ्यासाठी तुझे आभार. बाकीचं मागतेच आहे.

कविता म्हणून हे काही थोर नाही, मला ठाऊक आहे. पण त्या महिन्यात माझी खरी प्रार्थना म्हणावी अशी एवढीच होती. डायलिसिस अजून चालूच आहे.

कधी ती शेवटची ओळ येतच नाही. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, देवानं उत्तर दिल्याचा मागमूस नाही. तरीही ते दीडशे स्तोत्रांत आहे, कुणी काढून टाकलेलं नाही. आणि ते सगळं देवालाच उद्देशून आहे, पाठ फिरवून केलेलं नाही.

तेव्हा आज रात्री स्तोत्र १३ मोठ्यानं वाचा आणि तुमचं ‘कुठवर’ काय आहे ते लिहा. ‘देव’ नको, ‘तू’ म्हणा. वर तारीख आणि प्रसंग घाला. तिसऱ्या स्तोत्राच्या मथळ्यात नाही का, दावीद अबशालोमापासून पळत होता तेव्हाचं म्हणून? आणि खाली चारेक ओळींची जागा मोकळी सोडा.