पान हेच भांडवल : घरच्या घरी सक्युलंटची लागवड

गुलाबाच्या फुलासारखी गोल रचलेली, जाड पानांची लहान रोपे शहरांतील नर्सऱ्यांत विकली जातात. त्यांना सक्युलंट म्हणतात. जागा थोडी लागते, म्हणून खिडकीपुरता उजेड असलेल्या कारागीर कुटुंबालाही हा जोडधंदा जमण्याजोगा आहे. मात्र यात माल उन्हाने कमी आणि पाण्याने जास्त वाया जातो. एवढे ध्यानात ठेवले नाही तर भांडवल बुडालेच समजावे.

जातीची निवड : एचेव्हेरिया मुख्यतः मेक्सिकोची, तिला भरपूर उजेड हवा. हॉवर्थिया दक्षिण आफ्रिकेची; ती कमी उन्हातही राहते. सेम्परव्हिव्हम युरोपातील थंड डोंगरांचे. आपल्या उन्हाळ्यात त्यावर पैसा घालू नये.

माती : एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, अर्धा भाग कुजलेले शेणखत. कुंडीच्या तळाला भोक हवेच.

पाणी : ही झाडे पानांत पाणी साठवतात आणि पानांची छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे ओल फार कमी उडते. मातीत काडी खोचून पाहावी. कोरडी निघाली तरच पाणी द्यावे, तेही बुडाशी. पानांच्या मध्यात पाणी साचले की गाभा कुजतो. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली, पण हवेशीर जागी ठेवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे ऊन टाळावे.

वाढ : एचेव्हेरियाचे खालचे निरोगी पान देठाच्या टोकासकट अखंड काढावे. दोन-चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीवर आडवे ठेवावे. काही आठवड्यांत मुळे, मग इवलेसे रोप दिसते. विकण्याजोगे व्हायला कित्येक महिने जातात. हॉवर्थियाची बाजूची पिल्ले वेगळी करणे सोपे.

रोग : कापसासारखा पांढरा किडा दिसला तर रोप वेगळे ठेवून स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. रोप उंच, विरळ झाले तर उजेड कमी पडतो असे समजावे.

हिशेब : भावात कुंडी, माती, इतके महिने अडकलेला पैसा आणि मेलेली रोपेही धरावीत. गिऱ्हाइकाला पाणी देण्याची रीत सांगूनच रोप द्यावे. घरी नेलेले रोप आठवड्यात कुजले तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. आधी चार-पाच रोपे एक पावसाळा टिकवून पाहावीत, मगच रक्कम गुंतवावी.