जुना लॅपटॉप, नवी प्रणाली

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० नसलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तरीही हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या आमच्या मुलांनी कष्टाने घेतलेले यंत्र भंगारात देऊ नये, असे आम्हांस वाटते. लिनक्स ही प्रणाली मोफत मिळते. मात्र लॅपटॉपची कंपनी बहुधा तिची जबाबदारी घेत नाही. म्हणून धम्मातील ‘एहिपस्सिको’, म्हणजे ‘या आणि पाहा’, ही वृत्ती येथेही ठेवावी.

प्रथम सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. नंतर पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून वाय-फाय, आवाज, कीबोर्ड तपासावे. सर्व नीट चालले तरच ती हार्डडिस्कवर बसवावी. शेवटी मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक जोडावा, म्हणजे अभ्यासाची टिपणे व अर्ज आपल्या भाषेत लिहिता येतील.